आधी अवलोकन, मग कर्णपूरण : कर्णरोगांच्या छाननीत मोबाइलचे स्थान

कर्णपूरण ही आपल्या चिकित्सालयांतून नित्य योजली जाणारी क्रिया आहे. बिल्वतैल, क्षारतैल, निर्गुंडीतैल यांपैकी एखादी तरी बाटली बहुतेक वैद्यांच्या कपाटात असते आणि आयुर्वेदीय औषधालयाच्या फळीवर तर ती असतेच असते. कान ठणकतो, दडे बसले, कानात आवाज येतो, कमी ऐकू येते, अशी तक्रार घेऊन रुग्ण आला की हात सवयीने त्या बाटलीकडे जातो. परंतु तेलाचा पहिला थेंब सोडण्यापूर्वी त्या कानाचा पडदा आपण स्वतः पाहिला आहे काय? सर्व वैद्यबंधू-भगिनींची क्षमा मागून आम्ही हा प्रश्न विचारीत आहोत, कारण पडदा अखंड असलेल्या कानात जे तेल औषध ठरते, तेच तेल छिद्र पडलेल्या पडद्यातून मध्यकर्णात उतरले की तेथील ओल टिकवून धरते, बुरशीला आश्रय देते आणि वाहणारा कान अधिकच वाहू लागतो. रुग्ण मग म्हणतो, आयुर्वेदाने गुण आला नाही. वस्तुतः तेथे आयुर्वेद झालेलाच नसतो.

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राच्या विसाव्या अध्यायात २८ कर्णरोग सांगितले, वाग्भटाचार्यांनी २५ सांगितले आणि चरकाचार्यांनी दोषभेदाने ४ मानले, हे आपण सर्वजण पदवी परीक्षेसाठी पाठ करून गेलो आहोत. त्या मानाने सूत्रस्थानातील यंत्रविधी मागे पडतो. १०१ यंत्रांपैकी २० नाडीयंत्रे आहेत आणि त्यांच्या प्रयोजनांत स्रोतसांतील शल्य काढणे, आचूषण करणे, क्रिया सुकर करणे यांच्या बरोबरीने रोगदर्शन हेही स्पष्ट सांगितले आहे. पोकळ नळीतून स्रोतसाच्या आत पाहावे, ही कल्पना आपल्याला परकी नाही. कर्णस्राव, पूतिकर्ण आणि कृमिकर्ण यांची सामान्य चिकित्सा सांगताना शिरोविरेचन, धूपन, पूरण, प्रमार्जन व धावन हे उपक्रम पुन्हा पुन्हा अवलोकन करून मगच योजावेत, असाच आचार्यांचा आदेश आहे. आपण पूरण तेवढे उचलले आणि अवलोकन सोडून दिले.

सोडून देण्याला कारणे होती, हेही मान्य केले पाहिजे. चांगला ओटोस्कोप महाग पडे, त्याचा दिवा ऐन वेळी जाई, घड्याळाच्या काट्याएवढ्या वेळात रडणाऱ्या मुलाच्या कानात जे दिसले ते दिसले, आणि जे दिसले ते बरोबर की चूक हे विचारायला जवळ कोणी नसे. डोळा एकाचा आणि साक्षीदार कोणी नाही, अशी ती परीक्षा होती. मोबाइलला जोडता येणाऱ्या कॅमेऱ्याने हीच अडचण दूर केली. कानाची प्रतिमा पडद्यावर मोठी दिसते, ती साठवता येते, शंभर किलोमीटरवरच्या तज्ज्ञाला पाठविता येते आणि, आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते ते हे की, मुलाच्या आईला दाखविता येते.

प्रश्नाचा आकार

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या श्रवणविषयक अहवालानुसार जगात दीडशे कोटींहून अधिक लोकांना कमी-अधिक श्रवणदोष आहे आणि त्यांपैकी ४३ कोटी लोकांना उपचार वा साधनांची गरज पडावी इतका तो तीव्र आहे. बालवयातील सुमारे ६० टक्के श्रवणदोष टाळता येण्याजोग्या कारणांनी होतो, असेही त्याच संघटनेचे म्हणणे आहे. आपल्या देशात राष्ट्रीय कर्णबधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००६-०७ मध्ये सुरू झाला, तेव्हा लोकसंख्येच्या ६.३ टक्के, म्हणजे सुमारे ६ कोटी ३० लाख लोकांना लक्षणीय श्रवणदोष असल्याचा अंदाज त्याने पायाभूत धरला होता. जीर्ण कर्णस्रावाविषयी २००४ साली निघालेल्या जागतिक अहवालात तर भारताची गणना ४ टक्क्यांहून अधिक प्रमाण असलेल्या देशांत, सर्वाधिक भाराच्या गटात झाली होती.

कान फुटणे हा आपल्याकडे रोग मानला जात नाही, तो बालपणाचा एक भाग मानला जातो. लसणाची पाकळी घालून कढवलेले तेल, पिळलेला कापूस आणि 'मोठेपणी आपोआप थांबेल' हा दिलासा, एवढ्यावर वर्षे जातात. पडद्यामागे पाणी साचलेले मूल तर वाहत्या कानाचेही नसते. त्याला ना ताप, ना ठणका. ते वर्गात मागे पडते, हाक मारली तर ओ देत नाही आणि त्याला हट्टी किंवा मंद ठरविले जाते.

कानात पाहणारा मोबाइल

या कामाची उपकरणे दोन जातींची आहेत, पाहणारी आणि ऐकणारी. पाहणाऱ्यांत मोबाइलच्या कॅमेऱ्यावर भिंग व कर्णदर्शिका बसवायची एक रीत आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्रयोगशाळेत मोबाइलला सूक्ष्मदर्शक जोडण्याचे जे प्रयोग झाले, त्यांतून निघालेले 'सेलस्कोप' हे त्यातले आरंभीचे नाव. आपल्या देशात दिल्लीच्या गरीब वस्त्यांतून २०१३ च्या सुमारास मेडट्रॉनिक कंपनीने 'श्रुती' हा उपक्रम सुरू केला. त्यात 'एन्ट्राव्ह्यू' नावाचे मोबाइलवर आधारलेले उपकरण घेऊन आरोग्य कार्यकर्त्या वस्तीत जात, कानाची छायाचित्रे घेत आणि ती कान-नाक-घसा तज्ज्ञ दूरवरून पाहून कोणाला रुग्णालयात आणावयाचे ते ठरवीत. तज्ज्ञ वस्तीत येऊ शकत नाही, पण कान त्याच्याकडे जाऊ शकतो, हे या रचनेने दाखविले.

दुसरी रीत म्हणजे नळीच्या टोकाशीच सूक्ष्म कॅमेरा व दिवा असलेले आणि बिनतारी जोडणीने मोबाइलवर चित्र पाठविणारे साधन. हजार-दोन हजार रुपयांत ते आज सर्वत्र मिळते. यातील पुष्कळशी साधने टोकाला चमचा लावून 'घरच्या घरी मळ काढा' म्हणून विकली जातात. पूर्वी लाल पागोटे बांधून बाजारात कान कोरणारे बसत, त्यांचीच ही यंत्रावतारातील पिढी आहे आणि जखमाही तशाच होतात. वैद्याने असे साधन घ्यावयाचे तर चमचा प्रथम काढून टाकावा. पाहणे आणि कोरणे एकाच हाताने, एकाच वेळी करू नये.

पाहण्याची पद्धत नीट आत्मसात केल्यास आठवडाभरात हात बसतो. प्रौढात कर्णपाळी वर व मागे ओढावी, तीन वर्षांखालील बालकात खाली व मागे. साधन लेखणीसारखे धरून करंगळी रुग्णाच्या गालावर टेकवावी, म्हणजे मूल एकदम हलले तरी हात डोक्याबरोबर हलेल आणि टोक रुतणार नाही. बाहेरच्या एक-तृतीयांश भागात मार्ग तरुणास्थीचा असतो, तो वेदना सहन करतो. त्याच्या आतील अस्थिमय भागाला स्पर्श होताच रुग्ण ओरडतो, म्हणून टोक तेथवर नेण्याचे कारण नाही. प्रथम बाहेरच्या कानाचे एक छायाचित्र घ्यावे आणि नंतर आतील. तसे न केल्यास संध्याकाळी चाळीस मुलांच्या ऐंशी प्रतिमा समोर येतात आणि उजवा कोणता, डावा कोणता, हे सांगणे अवघड होते. बिनतारी कॅमेरा हातात फिरला की चित्रही फिरते, हे ध्यानात ठेवून हातोडीच्या अस्थीची मूठ प्रथम शोधावी आणि मग दिशा ठरवावी.

निरोगी पडदा मोत्यासारखा करडा, किंचित पारदर्शक असतो आणि त्यावर प्रकाशाचा त्रिकोण चमकतो, उजव्या कानात घड्याळाच्या पाचच्या ठिकाणी व डाव्या कानात सातच्या ठिकाणी. लाल व बाहेर फुगलेला पडदा तीव्र पाक सुचवितो. निस्तेज, पिवळसर, आत ओढलेला आणि क्वचित बुडबुडे दाखविणारा पडदा मागे पाणी साचल्याचे सांगतो. ओल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखे काही दिसले, त्यावर काळे ठिपके असले, तर ती बुरशी होय. कोकणातल्या पावसाळ्यात ती वारंवार दिसेल. मध्यभागीचे छिद्र पांढरा-बुळबुळीत स्राव देते. ते बहुधा घातक नसते, पण तेथे तेल वर्ज्य आहे. सर्वांत अधिक सावधपणे पाहावयाचा तो पडद्याचा वरचा भाग. तेथे खळगा, पांढऱ्या पापुद्र्यांचा गोळा किंवा कडेचे छिद्र असेल आणि स्राव थोडा पण दुर्गंधी असेल, तर तो हाड पोखरणारा व्याधी असू शकतो. आपला पूतिकर्ण हा शब्द अशा वेळी नुसता लिहून थांबू नये. हा रुग्ण शस्त्रकर्मासाठी तज्ज्ञाकडे गेलाच पाहिजे. मळाने मार्ग भरलेला असेल तर 'पडदा दिसला नाही' अशीच नोंद करावी. 'ठीक' असे लिहिणे ही असत्य नोंद होईल.

ऐकणारा मोबाइल

२०१९ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी एक अत्यंत साधी युक्ती प्रसिद्ध केली. कागदाचे नरसाळे करून ते मोबाइलच्या ध्वनिक्षेपकावर बसवायचे, त्याचे टोक कानाच्या तोंडाशी धरायचे आणि मोबाइलमधून पक्ष्याच्या चिवचिवाटासारखे लहान ध्वनी सोडायचे. पडद्यावरून परतणारा ध्वनी त्याच मोबाइलचा मायक्रोफोन टिपतो. पडद्यामागे हवा असेल तर प्रतिध्वनी एक प्रकारचा आणि पाणी असेल तर दुसऱ्या प्रकारचा. रिकाम्या व भरल्या घागरीवर टिचकी मारून पाहणाऱ्या कोणाही गृहिणीला हे तत्त्व सांगावे लागणार नाही. जलोदरात पाण्याने भरलेल्या पखालीची उपमा देणाऱ्या आपल्या शास्त्रालाही ते नवे नाही. या पद्धतीने पाणी असलेल्या सुमारे ८५ टक्के कानांत ते ओळखले गेले आणि पाणी नसलेल्या सुमारे ८२ टक्के कानांना निरोगी ठरविले गेले.

आकडे ऐकून हुरळून जाण्यापूर्वी एक हिशेब करून पाहावा. समजा एका तालुक्यातील १००० मुलांची अशी छाननी केली आणि त्यांत ५० मुलांच्या पडद्यामागे पाणी आहे. यंत्र त्यांतील ४२-४३ मुले पकडील आणि ७-८ सोडून देईल. उरलेल्या ९५० निरोगी मुलांतील सुमारे १७१ मुलांनाही ते 'दोष आहे' म्हणून बाजूला काढील. म्हणजे बाजूला काढलेल्या सव्वादोनशेच्या आतबाहेर मुलांत खरोखर पाणी असलेली मूठभरच. यंत्र वाईट आहे असे यावरून ठरत नाही. छाननी आणि निदान या दोन भिन्न गोष्टी आहेत एवढेच ठरते. चाळणीत जे राहिले ते पुन्हा निवडावे लागते. ज्या शिबिरात चाळणी आहे पण निवडणारे कोणी नाही, त्या शिबिरातून पालक केवळ भीती घेऊन घरी जातात.

कृत्रिम बुद्धिमत्तेने छायाचित्र पाहून रोग सांगण्याचे प्रयोगही पुढे गेले आहेत. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी ६३५ मुलांच्या कानांच्या ११५१ चित्रफितींवर घडविलेली प्रणाली २०२४ साली प्रसिद्ध झाली. तीव्र मध्यकर्णपाक आहे की नाही हे ती सुमारे ९४ टक्के अचूकतेने सांगते. तथापि तिला विचारलेला प्रश्न तेवढाच होता. जीर्ण स्रावाने भरलेला, बुरशी लागलेला, तेल-कापूस-हळद असे सर्व काही सोसलेला आपल्या खेड्यातील कान तिच्यापुढे ठेवला तर ती काय सांगेल, हे त्या आकड्यांवरून ठरविता येत नाही.

श्रवणशक्तीची छाननी करणारी साधने याहून निराळी. दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया विद्यापीठात साध्या मोबाइलला प्रमाणित कर्णध्वनिक जोडून शुद्ध स्वरांची चाचणी घेणारी 'हिअरस्क्रीन' प्रणाली तयार झाली. २०१४ साली तिची पडताळणी प्रसिद्ध झाली आणि पुढे वस्त्यांतील आरोग्यसेवकांनी ती घरोघर वापरली. खोलीत गोंगाट अधिक असेल तर ते यंत्र स्वतःच नोंदविते, हा गुण आपल्या शाळांच्या दृष्टीने लहान नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०१९ मध्ये 'हिअरडब्ल्यूएचओ' हे प्रौढांसाठीचे ॲप प्रसारित केले. त्यात गोंगाटाच्या पार्श्वभूमीवर तीन अंक उच्चारले जातात आणि ऐकणाऱ्याने ते दाबावयाचे असतात. अंक ज्या भाषेत उच्चारले जातात ती रुग्णाला सहज कळली पाहिजे, अन्यथा कान शाबूत असूनही गुण कमी पडतील.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो. पडदा स्वच्छ दिसला म्हणजे ऐकणे शाबूत आहे असे नव्हे. वार्धक्यातील, गोंगाटातील, आनुवंशिक असे बहुतेक बाधिर्य आतील कानाचे असते आणि तेथे कॅमेरा पोहोचत नाही. एका कानाने अचानक, दोन-तीन दिवसांच्या आत ऐकू येईनासे झाले आणि पडदा निरोगी दिसतो, असा रुग्ण आल्यास बिल्वतैलाचा विचारही करू नये. त्याला त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पाठवावे, कारण उपचाराचा लाभ पहिल्या काही दिवसांतच होतो. ५१२ कंपनांचा ध्वनिकाटा महाविद्यालयात सर्वांनी हाताळला आहे. तो धुळीतून बाहेर काढावा. मोबाइलपेक्षा तो स्वस्त आहे आणि त्याला चार्जिंग लागत नाही.

आपले स्थान

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. त्याच्या फिरत्या पथकात दोन आयुष वैद्यकीय अधिकारी, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता अशी योजना आहे. अंगणवाडीतील बालके वर्षातून दोनदा व शाळेतील मुले एकदा तपासली जावीत असा नियम असून तपासावयाच्या विकारांत मध्यकर्णपाक आणि श्रवणदोष यांचा समावेश आहे. म्हणजे खेड्यापाड्यांतील लक्षावधी मुलांच्या कानात पाहण्याची पहिली संधी शासनाने ज्यांच्या हाती दिली, त्यांत आमचे बीएएमएस पदवीधर बंधू-भगिनी आघाडीवर आहेत. दिवसाकाठी शंभराहून अधिक मुले, उन्हात तापलेले वाहन आणि संध्याकाळी भरावयाचे तक्ते, या परिस्थितीत कानाच्या रकान्यात न पाहता खूण केली जाते, हे आम्ही जवळून पाहिले आहे. दोष व्यक्तीचा कमी आणि साधनांच्या अभावाचा अधिक. पथकाला एक कॅमेरा व पन्नास धुण्याजोगी कर्णदर्शिकाटोके मिळाली, तर तो रकाना खरा होईल.

ज्या मुलात दोष दिसला त्याचे पुढे काय, हे मात्र छाननीपूर्वीच ठरले पाहिजे. जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा विभागाचा वार कोणता, तेथवर जाण्याला एसटी किती वाजता, शस्त्रकर्म लागल्यास कोणती योजना लागू, हे कागदावर लिहून पालकाच्या हाती द्यावे. दूरसल्ल्यासाठी शासनाची ई-संजीवनी सेवा आहे. कानामागे सूज, चेहरा वाकडा होणे, भोवळ, ताप व तीव्र डोकेदुखी यांपैकी काहीही कर्णस्रावासोबत असेल तर दूरसल्ल्याचीही वाट पाहू नये.

औषधविक्रेते बंधूंना विशेष विनंती आहे. कान दुखण्याच्या रुग्णाचा पहिला मुक्काम पुष्कळदा आपल्याच दुकानी असतो. कर्णतैल मागणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत : कान वाहतो काय, पूर्वी वाहत होता काय, आणि कानात काही गेले आहे काय. पहिल्या दोहोंपैकी एकाचेही उत्तर होय असेल, तर पडदा पाहिल्याशिवाय बाटली देऊ नये. तिसऱ्याचे उत्तर होय असेल आणि ती वस्तू घड्याळाचा वा खेळण्याचा बटण-सेल असेल, तर तेल, पाणी, थेंब काहीही घालू न देता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात धाडावे. ओल मिळताच तो सेल काही तासांत मांस जाळतो. जंतुनाशक थेंबांतही सारे सारखे नसतात. जेंटामायसिनच्या वर्गातील थेंब छिद्रातून आत गेल्यास श्रवणशक्तीलाच अपाय करू शकतात. बाटलीमागे मिळणारे चार रुपये या जोखमीच्या मोलाचे नाहीत.

पडदा अखंड असल्याचे पाहून कर्णपूरण करावयाचे, तेव्हा तेल शरीराच्या उष्णतेएवढे कोमट असावे, कारण थंड किंवा अति उष्ण द्रव भोवळ आणतो. वाहत्या कानात प्रमार्जन हाच पहिला उपक्रम. स्वच्छ कापडाची किंवा कापसाची वात करून कान कोरडा करणे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनातही सांगितलेले आहे आणि आमच्या आचार्यांच्या उपक्रमांतही. कान कोरडा झाल्यावरच पडदा नीट दिसतो, म्हणून ते चिकित्सेइतकेच परीक्षेचेही अंग आहे.

स्वच्छता व गोपनीयता यांविषयी थोडेच. एका कानातून काढलेले टोक धुऊन, ७० टक्के अल्कोहोलने पुसून व वाळवूनच दुसऱ्या कानात जावे. बुरशी दिसलेल्या कानाचे टोक त्या दिवसापुरते बाजूला ठेवावे. कानाचे छायाचित्र घेण्यापूर्वी पालकाची संमती घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही बालकांच्या बाबतीत पालकांच्या संमतीला महत्त्व दिले आहे. 'कोणाला काय वाटते ते सांगा' म्हणून मुलाच्या नावासह प्रतिमा व्हॉट्सॲपच्या गटावर टाकण्याची प्रथा बंद व्हावी. तज्ज्ञाला पाठवावयाच्या प्रतिमेवर नाव नसावे, क्रमांक असावा, आणि क्रमांकाची वही आपल्या खणात असावी.

त्या वहीत पडद्यामागे पाणी आढळलेल्या प्रत्येक मुलासमोर तीन महिन्यांनंतरची तारीख लिहून ठेवावी. अशा पुष्कळ कानांतील पाणी त्या अवधीत आपोआप ओसरते. मध्यंतरी प्रतिश्यायाची चिकित्सा करावी, मुलाला वर्गात पुढच्या बाकावर बसवावयास शिक्षकांना सांगावे आणि त्या तारखेला त्याच कानाची प्रतिमा पुन्हा घेऊन पहिल्या प्रतिमेशेजारी ठेवावी. पाणी तसेच असेल तर श्रवणचाचणीसाठी पाठवावयाचे ते मूल हेच.